एकशे दोन डिग्री पाणी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बन्सीबापूने ठरवलं, की उद्याची अंघोळ धरणात.

बापूने ठरवलेलं मोडत नसे. तीस वर्षं कालव्यावर पाटकरी म्हणून त्याने पाणी सोडलं आणि बंद केलं. शाळा तिसरीपर्यंत, पण पाण्याच्या बाबतीत तो इंजिनिअरलाही गप्प करी. (इंजिनिअरची जीप निघून गेल्यावर.) गाव मुळा धरणाच्या फुगवट्याला टेकलेलं, आणि बापू बाराही महिने त्यात पोहायचा. मागच्या पौषात मात्र त्याची छाती भरली. राहुरीच्या दवाखान्यात आठ दिवस काढून घरी आला, तेव्हा बायकोने, म्हणजे चांगुणाने, कायदा करून ठेवला होता. दिवाळी ते होळी धरणात पाय घालायचा नाही. अंघोळ न्हाणीत, बंबाच्या पाण्याने, बादलीतून.

साठाव्या वर्षी नोकरी सुटल्याचं बापूला काही वाटलं नव्हतं. बादली फार लागली.

त्यातच चार दिवस चांगुणा तापाने पडून होती. कंपाउंडर थर्मामीटर घरीच ठेवून गेला होता. रोज सकाळी ती तो काखेत धरी आणि बापूच्या हातात देई. कालव्यातली पाणी मोजायची पट्टी वाचून बापूला आकडे पक्के येत. उजेडाकडे धरून तो वाची. रोज एकशे दोन. त्यामुळे चार दिवस भाकऱ्या बापूच थापत होता. (पहिली भाकरी पाहून चांगुणा म्हणाली होती, "ह्यो तालुक्याचा नकाशा हाय का?")

"उद्या सण हाय. धरनावर जाऊन येतो," बापू म्हणाला.

"आन् छाती?"

"थंडीत इहिरीचं पानी कोमट आसतं. धरन म्हंजी तरी काय, मोठी इहीरच."

चांगुणा गोधडीतून उठून बसली. "पानी ऊन हाय आसं दाखवा, मग बारा म्हैने पवा. मी सबूद काढनार न्हाई. पन गार निघालं, तर मरंस्तवर बादली."

"दाखवीन."

"कशानं?"

बापूने कोनाड्यातला थर्मामीटर उचलला आणि खिशात घातला. चांगुणाने गोधडी तोंडावर ओढली. गोधडी बराच वेळ हलत होती. तापाने कापते आहे बिचारी, असं बापूला वाटलं.

सकाळी उन्हं वर आल्यावर बापू काठावर उभा राहिला. साक्षीला काकासाहेब होता. काकासाहेब सोसायटीतला रिटायर शिपाई; त्याच्या शब्दाला गावात वजन होतं. पलीकडे कडूबाई तीन म्हशी घेऊन आली होती. तिच्या खांद्यावर दाव्यांचं वेटोळं आणि हातात तेलाचा रिकामा कॅन होता. म्हशींनी पाण्यात दोन पाय घातले, थोडा विचार केला आणि मागे फिरल्या.

"बापू, म्हशी शिरंनात," कडूबाई म्हणाली.

"म्हशीला आकडं वाचता येत न्हाईत."

पाण्यावर धुकं तरंगत होतं. बापूने ते काकासाहेबाला दाखवलं. "वाफ बग." मग खाली वाकून त्याने थर्मामीटर पाण्यात धरला, शंभर मोजले आणि बाहेर काढून उन्हात धरला.

एकशे दोन.

कोमट निघेल हे त्याला ठाऊक होतं. पण इतकं निघेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

"वैनीला बी एवढाच ताप हाय न्हवं?" काकासाहेबाने विचारलं.

"एवढाच. रोज हाच आकडा. म्हंजी मीटर पक्का हाय."

"मी जरा बोट बुडवून बगतो."

बापूने त्याचा हात धरला. "मीटर आसताना बोट कशाला? बोटाला डिग्र्या आसत्यात का?"

आणि लंगोट आवळून बापूने उडी मारली.

आधी डोकं भिजवावं, मग छाती, मग हळूहळू आत उतरावं, हे गेली तीस वर्षं तो दुसऱ्यांना सांगत आला होता. एकशे दोन डिग्रीला ते लागू नाही, असं त्याला वाटलं. पाण्याला तसं वाटलं नाही. बापूचा श्वास आत गेला आणि तिथेच बसला. पोटातून निघालेली आरोळी गळ्यापर्यंत आली आणि परत फिरली.

"कसं हाय?" काठावरून काकासाहेबाने विचारलं.

"ऊन," बापू म्हणाला. दातांमुळे तो शब्द चार तुकड्यांत बाहेर पडला.

लगेच बाहेर यावं, तर जन्मभर बादली. पंचवीस हातांवर पाण्यात एक बाभूळ उभी होती. तिला शिवून यायचंच, असं ठरवून बापू हात मारू लागला. अर्ध्यात पोटरीत गोळा आला. उरलेलं अंतर त्याने एका पायाने आणि दोन्ही हातांनी कापलं आणि बाभळीला मिठी मारली. काट्यांचा विचार त्याने मिठी मारल्यावर केला.

"बापू, येता ना?" काकासाहेब ओरडला.

"बसलोय जरा. पानी लई ऊन हाय. सोसंना."

काकासाहेबाने मान डोलावली. कडूबाईने डोलावली नाही. तिने तिन्ही दावी एकाला एक बांधली, टोकाला कॅन अडकवला आणि भिरकावला.

"धरा," ती म्हणाली. "का पानी निवंस्तवर बसता?"

बापूने कॅन छातीशी धरला. कडूबाईने तिन्ही म्हशींच्या देखत त्याला ओढून काठावर घेतलं.

"निळं पडलात की," काकासाहेब म्हणाला.

"भाजलंय," बापू म्हणाला.

दोघं घरी आले, तर चांगुणा चुलीपुढे बसून गुळाच्या पोळ्या भाजत होती. ताप सकाळीच उतरला म्हणाली. बापूकडे एकदा पाहून तिने थर्मामीटर घेतला, त्याच्या काखेत खुपसला आणि काकासाहेबाला वाचायला दिला.

"एकशे दोन."

"मला ताप न्हाई," बापू म्हणाला.

"मग मीटर खोटं बोलतंय व्हय?" चांगुणाने विचारलं.

मीटर खोटा, तर पाणी गार. मीटर खरा, तर आपल्याला ताप. त्याने दोन्हीकडून बराच विचार केला. तुपाचा वास येत होता.

"हाय," तो म्हणाला. "ताप हाय."

तीन दिवस बापू गोधडीत होता. सकाळी कडू काढा, दुपारी तांदळाची पेज, संध्याकाळी पुन्हा काढा. पोळ्या साक्षीदाराने खाल्ल्या. मीटर रोज एकशे दोन दाखवी आणि बापू रोज कबूल करी.

चौथ्या दिवशी कंपाउंडर थर्मामीटर न्यायला आला. डबीत घालण्याआधी त्याने सवयीने दोन झटके मारले.

"हे काय केलंस?" बापूने विचारलं.

"पारा उतरवला, बापू. झटकल्याबिगर तो खाली येत न्हाई. काकूंना मी पयल्याच दिवशी सांगितलं हुतं."

कंपाउंडर गेला. बापू चांगुणाकडे वळला. ती तांदूळ निवडत होती.

"तुजा ताप कवा उतरला गं?"

"दुसऱ्या दिवशीच. पन तुमची भाकर गोल व्हायला लागली हुती. म्हनलं, शिकू द्यावं."

"आन् मी बुडालो आसतो तर?"

"कडूबाईला दावी आन् कॅन घिऊन कुनी धाडली हुती?" तिने सूप खाली ठेवलं. "उठा. न्हानीत पानी काढलंय. ऊन हाय का गार, ते बोट घालून बगा."

बापू उठला. न्हाणीत जाऊन त्याने बादलीत बोट घातलं.

पाणी चांगलंच ऊन होतं.