कंपनी म्हणजे भाकरी

सरवदे सरांसमोर 'आमची कंपनी' म्हणायचं असेल, तर आधी भाकरीचा तुकडा तोंडात घ्यावा लागायचा. नवा माणूस गडबडून जायचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात आम्ही बाकीचे मात्र सरावलो होतो.

सर मूळचे करमाळ्याकडचे, इंग्रजीचे मास्तर. निवृत्त झाल्यावर परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहायला आमच्याकडे आले आणि पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर त्यांनी मुठीनं कडक भाकरी फोडली. "मॅडम, लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे भाकरी. भाकरी वाटून खाणारी माणसं, ती कंपनी! आपला पावसुद्धा त्याच पानिसच्या घराण्यातला की. पुढं फौजेच्या तुकडीला कंपनी म्हणायला लागले. मग व्यापाऱ्यांनी शब्द पळवला, राज्यं गिळली आन् भाकरी तेवढी विसरले!"

हे ऐकून ऐकून माझे कान किटले.

मागावरच्या बाया, हमाल, ऑफिसवाले, सगळ्यांना त्यांनी एका सतरंजीवर जेवायला बसवलं. मी हिशेब बघते. मला माझा डबा पंख्याखाली, निवांत खायला आवडतो. पण सरांपुढे कुणाचं चालतंय! माझी शेंगाचटणी रोज मल्लम्माच्या ताटात जायची. मल्लम्मा मागावर काम करते आणि मागताना लाजत नाही.

मग नवे मॅनेजर आले. हुकूम निघाला: ऑफिसवाल्यांनी एसी केबिनमध्ये जेवायचं, कामगारांनी मागाजवळ, पाळीपाळीनं. सर तडक त्यांच्या दारात.

"साहेब, मग बोर्डावरचा 'कंपनी' शब्द पुसून टाका."

"तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"येणार की! कामाला नाही, जेवायला. गेटबाहेरचा रस्ता काय तुमच्या मालकीचा नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सर खरंच गेटबाहेर कडुनिंबाखाली डबा उघडून बसले होते. आधी मल्लम्मा निघाली, तिच्यामागं सगळे मागवाले. मीही उठले. नोकरीची भीती होतीच, पण त्या केबिनमध्ये माझ्या घशाखाली घास उतरला नसता. मॅनेजर काचेतून बघत होते. बघेनात का!

एरवी भाकरी फोडताना लॅटिन सांगणारे सर त्या दिवशी नुसतीच भाकरी मोडत होते. मल्लम्मानं न विचारता त्यांच्या डब्यातली भाकरी उचलली, तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "गावच्या शाळेत डबा खायला मला दाराबाहेर बसवायचे. माझ्या भाकरीला कुणी हात लावत नव्हतं."

मला तर रडूच आलं.

मल्लम्मानं तोंडातला घास संपवला आणि हात पुढं केला.

"आजून येक द्या की, सर."