पहिल्या वेलांटीची परी

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. सातवीनंतर माझी शाळा सुटली (म्हणजे शाळा जागेवरच आहे, सुटलो मी) आणि तेव्हापासून मी दारं बसवतो. चौकट, बिजागरी, कडी, कोयंडा एवढे शब्द मला न चुकता लिहिता येतात. बाकी कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. या सगळ्या प्रकरणात माझा घात वेलांटीनेच केला आहे.

मी ताईकडे राहतो. ताईची मुलगी टिटवी (खरं नाव वेगळं आहे, पण ती झोपेतसुद्धा बोलते) एकदा शाळेतून आली आणि दप्तर न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"मामा, आपण परीचं दार करायचं. छोटंसं. भिंतीला खाली चिकटवतात. मग परी येते."

"करू की," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. पुढे जे घडलं ते या दोन शब्दांमुळे.

आम्ही आइस्क्रीमच्या काड्या जोडून दार केलं. टिटवीने ते हिरवं रंगवलं, वर वाळलेली फुलं लावली. तिचा धाकटा भाऊ गोटू याच्याकडे चमकी दिली होती. त्याने थोडी दाराला लावली, थोडी मांजराला आणि उरलेली भाऊजींच्या ऑफिसच्या बुटांत भरली. मुठीला माझ्या शर्टाचं बटण लावलं. दार असं देखणं झालं, की मी दोन पावलं मागे सरून बघत राहिलो. तेवढ्यात टिटवीने मूठ ओढली.

"उघडत नाही."

"अगं, हे नुसतं चिकटवायचं असतं ना?"

"पण मी वकिलीणबाईंना सांगितलंय, उघडतं म्हणून!"

वकिलीणबाई म्हणजे तिच्या वर्गातली एक मुलगी. तिला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो.

"ती म्हणाली, खोटं दार कुणीही करतं. मी म्हटलं, माझा मामा दारंच बसवतो, त्याचं दार उघडतंच. ती रविवारी बघायला येणारे. नाही उघडलं तर मला सगळ्या वर्गासमोर 'थापाडी' म्हणणारे." आणि बोलता बोलता टिटवी चक्क गप्प झाली.

आता माझं असं आहे, की चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. गिऱ्हाइकाने पैसे कमी दिले तरी मी "बरं" म्हणतो. पण माझ्या हातचं दार आणि ते उघडत नाही? हे मी ऐकून घेणार नव्हतो.

"उघडेल," मी म्हणालो. "मामाचा शब्द आहे."

एवढ्या लहान बिजागऱ्या दुकानात मिळेनात. शेवटी घरातच मिळाल्या. ("माझ्या दागिन्यांच्या डब्याचं झाकण हातात कसं आलं?" असं ताई नंतर विचारत होती. मी पाणी प्यायला गेलो.) दार उघडायला लागलं. आत भिंत.

"परी आपटेल ना," गोटू म्हणाला.

पोराचं काही चुकत नव्हतं. दारामागे खोली हवी. जास्त नाही, काड्यापेटीचा पलंग मावेल एवढी.

भिंतीपलीकडे कोण राहतं हे मला चांगलं माहीत होतं. पलीकडे बाई राहतात. त्यांनी मला मराठी शिकवलं (त्यांनी शिकवलं, माझ्याकडून शिकायचं राहिलं). आता त्या रिटायर झाल्यात, तरी जिन्यात दिसल्या की मी अजून बुटाची नाडी बांधायला खाली बसतो. पायात चप्पल असली तरी.

रविवारी ताई आणि भाऊजी बाहेर गेले होते. बाईंच्या दारालाही कुलूप होतं. मी छिन्नी-हातोडा घेतला. भिंत चांगली जाडजूड असणार असा माझा अंदाज होता. मी दारांचा माणूस आहे, भिंतींचा नाही, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. थोडं ठोकलं, विटेचा तुकडा आत कुठेतरी पडला आणि पुढे छिन्नी कशालातरी लागून थांबली. हात घालून बघितलं. सपाट, टणक, तपकिरी.

"फळी!" मी म्हणालो. "बांधणाऱ्याने आत फळी घातलीय. मागची भिंत आयती मिळाली!"

टिटवीने फळी निळी रंगवली. त्यावर चांदण्या काढल्या. मी काड्यापेटीचा पलंग भरपूर गोंद लावून फळीला पक्का चिकटवला, वर कापसाची गादी घातली. मग टिटवी म्हणाली, "नाव पण घाल ना मामा. नाहीतर कुणीही येऊन झोपेल." मी बारीक ब्रश घेतला आणि पलंगाच्या वर, जीभ बाहेर काढून, सुंदर अक्षरात लिहिलं: 'परिचा पलंग'.

संध्याकाळी वकिलीणबाई आल्या. हाताची घडी घालून भिंतीसमोर बसल्या. टिटवीने दारावर टकटक केलं, बटण धरून ओढलं आणि दार कुरकुर न करता उघडलं. आत निळं आभाळ, चांदण्या, पलंग. वकिलीणबाईंच्या हाताची घडी सुटली.

"खरंच उघडतं," ती हळूच म्हणाली.

टिटवीने माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, आता आयुष्यात आणखी काही बसवलं नाही तरी चालेल.

"पण परी कुठेय?" वकिलीणबाईंनी विचारलं.

आणि आभाळ हललं.

आधी चांदण्या सरकल्या. मग पलंग, गादीसकट, डावीकडे निघून गेला. मागे काळोख उरला. थोडा वेळ काहीच नाही. मग त्या काळोखात एक मोठा डोळा आला. डोळ्याला चष्मा होता.

"परी!" गोटू किंचाळला.

आतून आवाज आला, "परीतली री दुसरी!"

मी ताडकन उभा राहिलो. "हो बाई!"

"मामा परीला ओळखतो!" टिटवी ओरडली.

"पहिल्या वेलांटीचा परि म्हणजे 'पण'. 'पण'चा पलंग करतोस? कोशात बघ म्हटलं असतं, तर तू कोशावरच लिहून ठेवलंयस!"

तेव्हा उलगडा झाला. बाईंची पुस्तकांची लोखंडी मांडणी पलीकडे त्या भिंतीला एका बाजूने टेकून होती. त्या बाजूला पत्रा नाही, उघडीच. तिच्या खालच्या कप्प्यातलं शेवटचं, भिंतीला लागून असलेलं पुस्तक म्हणजे त्यांचा शब्दकोश. शब्दकोड्यात अडल्या म्हणून त्यांनी तो ओढला आणि आमचं आभाळ त्यांच्या मांडीवर गेलं. मी ज्याला फळी म्हणत होतो तो कोशाचा पुठ्ठा होता.

"उद्या सकाळी कामाला जायच्या आधी माझ्याकडे ये," आवाज म्हणाला. "आणि नाडी बांधत बसू नकोस."

वकिलीणबाई बराच वेळ भोकाकडे बघत होत्या. "परी म्हातारी आहे," त्यांनी निकाल दिला.

"अनुभवी आहे," टिटवी म्हणाली.

आणि ते मान्य झालं. थापाडी कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिमेंटची बादली आणि थापी घेऊन बाईंकडे गेलो. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं. दार उघडल्यावर त्यातलं फक्त "बाई" आठवलं.

"बादली ठेव तिकडे," त्या म्हणाल्या. "भिंत नंतर. आधी वेलांटी."

त्यांनी मला मांडणीशेजारी, भोकाजवळच जमिनीवर बसवलं, कागद दिला आणि पानभर 'परी' लिहायला सांगितलं. (झालेली हकिगतही लिहून काढायला त्यांनीच सांगितली. ती तुम्ही वाचताय.) मी खाली मान घालून, जीभ बाहेर काढून लिहीत होतो. अर्धं पान झालं असेल, तेवढ्यात पलीकडून टकटक झाली आणि हिरवं दार उघडलं. दारात टिटवीचा डोळा.

"मामा? तू परीकडे काय करतोयस?"

मी काही बोलायच्या आत बाई वाकल्या, कागद बघितला आणि लाल पेनाने एक गोल केला.

"आई गं!" पलीकडून टिटवीची आरोळी घरभर गेली. "लवकर ये! मामा परीच्या शाळेतसुद्धा नापास झाला!"