बहिरेभाऊंचा वकील

आमच्या कॉलनीत दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना एक गोष्ट तोंडपाठ आहे. जगातला सर्वांत थोर संगीतकार ठार बहिरा होता. ही गोष्ट त्यांना कुठल्या शाळेत शिकवलेली नाही. प्रल्हादनानांच्या फाटकातून आत गेलेला माणूस ती ऐकल्याशिवाय बाहेर पडत नाही, एवढंच.

गॅसवाला म्हणाला, "नाना, आज पाय दुखतोय, सिलिंडर इथंच दारात ठेवतो," की नाना खुर्चीतून उठतात आणि हवेत बोट नाचवत म्हणतात, "कान नव्हते, बरं का! कान नव्हते, तरी नऊ सिंफन्या लिहिल्या. अन् तू मले पायाचं सांगतो?" गॅसवाला मुकाट्यानं सिलिंडर स्वयंपाकघरात नेऊन ठेवतो. सिंफनी म्हणजे पन्नास-शंभर वादकांनी मिळून वाजवायची लांबलचक रचना, हे त्या बिचाऱ्याला माहीत नाही. पण नऊ म्हणजे पुष्कळ झाल्या, हे त्यालाही कळतं.

नाना मूळचे असोद्याचे. घरात केळी, कापूस आणि भजनी मंडळ. अशा घरातल्या माणसाला हे विलायती वेड लागलं ते भुसावळला, रेल्वेच्या नोकरीत. तिथं शेजारच्या क्वार्टरमध्ये पीटरसाहेब नावाचे एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. ते मुलाकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले तेव्हा त्यांनी आपला ग्रामोफोन आणि तबकड्यांची पेटी नानांच्या ओसरीवर आणून ठेवली. नानांना वाटलं, साहेब सांभाळायला देताहेत. म्हणून त्या बिघडू नयेत यासाठी ते रोज एकेक लावून बघू लागले. साहेब काही परत आले नाहीत आणि नानाही त्यातून परत आले नाहीत.

त्या थोर लोकांची नावं मात्र नाना कधी घेत नाहीत. "ती आपल्या जिभेवर बसत नाहीत. मोठ्या माणसाचं नाव वाकडंतिकडं घेण्यापेक्षा घरच्यासारखी हाक मारावी," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे नानांच्या घरी तीन माणसं नांदतात. वीस लेकरांचा बाप असलेले, बरीच हयात चर्चच्या नोकरीत वाजवत आणि लिहीत राहिलेले ते आबा. पाचव्या वर्षापासून रचना करणारा आणि ऐन तरुणपणी गेलेला तो पोऱ्या. आणि बहिरे ते भाऊ. आबांबद्दल आदर, पोऱ्याबद्दल माया, पण जीव भाऊंवर. एका तबकडीच्या वेष्टणावरचं भाऊंचं चित्र कापून, चौकट करून, त्यांनी ते देवघराशेजारी लावलंय. एकदा दूधवाल्यानं विचारलं, "हे तुमचे कोण?" नाना म्हणाले, "आमचे भाऊ." दूधवाला बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "माणूस चांगला दिसतो. फक्त केस कापायला पाहिजे होते."

आता माझी बाजू सांगतो. मी साधा माणूस आहे. मला जुनी सिनेमाची गाणी पुरतात, आणि तीही संध्याकाळी. पण आमची गच्ची नानांच्या गच्चीला चिकटून आहे आणि नाना सकाळी सहाला भाऊंना घेऊन तुळशीला पाणी घालायला येतात. एका गणपतीत तर कॉलनीच्या मंडळानं भलत्याच विश्वासानं सकाळच्या संगीताचं काम नानांकडे दिलं. नानांनी भोंग्यावर भाऊंची पाचवी सिंफनी सोडली. पहिल्याच दणक्याला तीन बायका घराबाहेर धावल्या आणि कोणीतरी डीपी उडाली म्हणून वीज कंपनीला फोन लावला. मी चिडून नानांकडे गेलो. नाना हात जोडून उभे, डोळ्यांत पाणी. "विनायक, बाप्पानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असेल रे हे," म्हणाले. अशा माणसाशी भांडता येत नाही. मी चहा पिऊन घरी आलो.

त्यांच्याशी भांडायला खरा माणूस भेटला तो मीनलचं लग्न जमवताना. मीनल ही नानांची एकुलती एक मुलगी. नानांची बायको, आमच्या काकू, आधीच गेलेल्या, त्यामुळे मुलगी बघायला धुळ्याची मंडळी आली तेव्हा बाजू सांभाळायला मी आणि माझी बायको सुनंदा हजर होतो. पोहे झाले, चहा झाला, मुलाची नोकरी विचारून झाली. मग नानांनी त्या तीन संगीतकारांची हकिकत पाहुण्यांना ऐकवली आणि मुलाकडे वळून विचारलं, "आता सांगा, यातला सगळ्यात मोठा कोण?" मुलगा घामाघूम. तो बापाकडे बघायला लागला.

बाप म्हणजे देवरामआप्पा. मूळ दोंडाईच्याचे, तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये हयात गेलेली, आता धुळ्याला मुलाजवळ. त्यांनी त्या तिघांपैकी एकाचाही सूर जन्मात ऐकला नव्हता. पण त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "मोठा आबाच शे," ते आपल्या अहिराणीत म्हणाले. "वीस लेकरं वाढावात, नोकरी कयी, आनि वरथून इतलं संगीत लिखं! बहिराले काय, नाना? घरमा कोन्ही काही बोलो, त्याले आयकूच येत नही. बठ्ठा टाईम कामलेच!"

बहिऱ्याला सगळा वेळ कामालाच मोकळा, असा त्यांचा मुद्दा. स्वयंपाकघरातून मीनलच्या हसण्याचा आवाज आला. नाना लालबुंद झाले होते. सोयरीक मोडते की काय, म्हणून मी घाईघाईनं पावसापाण्याचा विषय काढला. पण लेक आत हसते आहे, हे नानांनी ऐकलं होतं. त्यांनी पाहुण्यांना दुसरा चहा सांगितला आणि तिथंच लग्न ठरलं.

वाद मात्र राहिला. लग्नानंतर महिन्याभरात नाना एका रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत छोटा स्पीकर टाकून निघाले. "कुठं नाना?" "धुळ्याला. याहीला ऐकवतो." आमच्याकडे व्याह्याला याही म्हणतात. त्या रविवारी याहींनी भाऊंची अख्खी सिंफनी ऐकली आणि शेवटी म्हणाले, "चांगली शे. पन आबाच मोठा." पुढच्या महिन्यात नाना परत गेले. मग दर महिन्याला जायला लागले. एरंडोल, पारोळा करत एसटीनं जायचं, दोन-अडीच तास भांडायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं.

यातली खरी गोम सुनंदानं ओळखली. नानांच्या आईचं एक वाक्य नाना नेहमी सांगत: लेकीच्या दारात बापानं कामाशिवाय उभं राहू नये. लग्नानंतर पहिली दिवाळी आली तेव्हा मीनलनं किती बोलावलं, तर नाना म्हणाले, "सणाला मी काय काम काढून येऊ?" पण वाद हे काम होतं. "नाना वाद घालायला जात नाहीत हो," सुनंदा म्हणाली, "पोरीला बघायला जातात. तो वाद म्हणजे त्यांचं तिकीट आहे." आणि खरंच, धुळ्याहून आले की नाना मला आप्पांचा मुद्दा एका वाक्यात सांगायचे आणि मीनलनं केस कसे बांधले होते, ती बारीक झालीय का, तिनं वांगी कुठल्या काड्यांवर भाजली, यावर अर्धा तास बोलायचे. धुळ्याच्या वांग्याला असोद्याच्या भरिताची चव नाही, हे वाक्य तर ठरलेलंच.

अशी वर्षं गेली. नाना पंचाहत्तरीला आले, गुडघे कुरकुरायला लागले. तरी महिन्याचा रविवार चुकला नाही. आणि परवा आप्पांचा मला फोन आला. "विनायकभाऊ, ह्या रैवारले तुम्हीबी या नानासंगे. पन त्यासले काही सांगू नका."

गेलो. धुळ्याच्या त्या घरात पोहोचतो तर बैठकीत सतरंजी अंथरलेली, शेजारची चार माणसं बसलेली, ताटात शाल आणि श्रीफळ. मीनल नवी साडी नेसून दारात उभी. जावईबापू मोबाईल धरून फोटोला तयार. नानांना काही कळेना. आप्पांनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि भाषणाला उभे राहिले.

"नाना," ते म्हणाले, "आज तुमले पंचाहत्तर वरीस व्हयनात. इतला वरीस आपन भांडनूत. मी हट्टी माणूस. पन आज बठ्ठासमोर सांगस, तुमना भाऊच मोठा शे. मी हारनू. आते हाऊ वाद मिटी गया. ह्या वयमा तुमले एसटीमा धक्का खावानं आते काही काम नही!"

टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, मूर्खासारख्या. मग माझं लक्ष नानांकडे गेलं. ज्या निकालासाठी हा माणूस वर्षानुवर्षं घसा फोडत होता, तो त्याच्या मांडीवर पडला होता, आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. ते नारळाकडे बघत होते. मग मीनलकडे. मग परत नारळाकडे. आप्पांनी किती प्रेमानं केलं होतं ते सगळं, आणि त्याच प्रेमानं त्यांनी नानांचं यायचं कारणच काढून घेतलं होतं.

नाना घसा खाकरून उठले.

"आप्पा, मले माफ करा," ते म्हणाले. "पण मी गेला महिनाभर विचार करून राहिलो. तुमचं बरोबर होतं. आबाच मोठा."

जावईबापूंचा मोबाईल खाली आला.

"काय म्हणतस?" आप्पा ओरडले.

"आबाच," नाना म्हणाले. वकिली सुरू झाली होती. "अहो, कान गेले तर काय होतं? कागद तर दिसतो! आबाचे शेवटी डोळे गेले. डोळे, बरं का! डोळे नव्हते, अन् तरी रचना सांगून दुसऱ्याकडून लिहून घेतली म्हणतात. अन् वरतून घरात वीस लेकरं. भाऊला काय, एकटा जीव! एकट्या माणसानं काम केलं, त्यात काय मोठं?"

शेवटचं वाक्य म्हणताना ते जरा थांबले. उभ्या आयुष्यात त्यांनी भाऊंना असा शब्द लावला नव्हता. देवघराशेजारी ज्याला जागा दिली, त्याला भर सभेत सोडून दिलं त्यांनी.

आप्पा आ वासून बघत होते. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. मीनलनं पदर तोंडाला लावला होता आणि ती हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच कळत नसावं. आप्पांची नजर तिच्यावरून परत नानांवर आली. जिनिंगमध्ये हयात काढलेला माणूस, हाताला कापूस लागला की त्याची जात ओळखणारा. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उमटत गेलं. आणि मग त्यांनी जोरात मांडीवर थाप मारली.

"अहो नाना, हाई काय खेळ शे का? मंग मी ही शाल काय उगी दिधी? आते मी भाऊना माणूस शे! कान नव्हतात त्याले, कान! आनि तुम्ही माले डोळासनं सांगतस?"

"डोळेच सांगणार!"

"मी असं सोडाव नही! महिनामा एक दिन पुरत नही ह्या कामले. पुढला रैवारले या. आनि त्याना पुढला रैवारलेबी या!"

शेजारची चार माणसं कोणाच्या बाजूनं टाळ्या वाजवायच्या ते न कळून गुलाबजाम खायला लागली. मीनल आत गेली, आणि जाताना मी तिला आप्पांच्या पायांना हात लावताना पाहिलं. आप्पांनी वाद न थांबवता नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परतीच्या गाडीत नाना खिडकीशी बसले. पारोळा मागं पडला. मग मला राहवलं नाही. थोडं चिडवावं म्हणून म्हटलं, "नाना, आज भाऊंना टाकलंत. वाईट वाटलं असेल त्यांना."

"त्यांना कुठं ऐकू येतं," नाना म्हणाले, पण हसले नाहीत.

मी म्हटलं, "नाना, तुमची लेक आहे ती. आप्पा देवमाणूस. तुम्ही नुसते गेलात तरी कोण काय म्हणणार आहे? तुमच्या आईचं ते वाक्य आता कोण पाळतं?"

नानांनी शालीची घडी मांडीवर नीट केली. मग ती परत उलगडली.

"आईचं नाही रे," ते म्हणाले. "लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी गेलो होतो. तुले सांगितलं नाही. काही काम नव्हतं. घर खायला उठलं होतं म्हणून गेलो. तिनं दार उघडलं अन् मले पाहून तिचा चेहराच पडला. 'बाबा, बरं आहे ना? जेवता ना? काय झालं?' दिवसभर तेच. मी निघालो तर फाटकाशी रडत उभी. रात्री तिले झोप लागली नसेल."

गाडी एरंडोलच्या स्टँडवर थांबली. खाली कोणीतरी शेंगा विकत होतं. नाना तिकडे बघत राहिले.

"भांडायला गेलो ना विनायक, की ती हसत दार उघडते."