लागतंय कशाला?

दामूअण्णांनी मोटारसायकलची मागची सीट काढून टाकली आहे. "एकटा मानूस. लागतंय कशाला?" त्याच न्यायानं हॉर्नही गेला. अण्णा नुसते खोकले तरी सात रस्ता चौकाचे सातही रस्ते बाजूला सरकतात. खानावळीत थाळी मागवत नाहीत. दोन कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी. ताटसुद्धा नको, खालची भाकरी हेच ताट.

असा माणूस आमच्या ऑफिसात वेबसाइट बनवतो.

सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांचं काम आलं. बागेत उभं राहून फोनवर माल नोंदवायचा, दर बघायचा. ऑफिसातली प्रज्ञा म्हणाली, "अण्णा, फ्रेमवर्कच घेऊ. लॉगिन, फॉर्म, पानं, सगळा संसार तयार मिळतो."

"आन् तो संसार बागंतल्या फोनवर उतरवायचा व्हय? बारकी लायब्ररी, म्हंजी चार तयार अवजारं, घ्यायची. बाकी लागंल तेवढं आपन लिवायचं."

"लिहिता लिहिता म्हातारे व्हाल!"

"झालोय की."

भांडण इतकं तापलं की ऑफिसचा एसी घाबरून बंद पडला. शेवटी साहेबांनी फर्मान काढलं: दोघांनी एकेक नमुना करा, बागेत नेऊन उघडा. ज्याचा आधी उघडेल, त्याचं काम.

गेलो. रेंजची एक काडी यायची, आम्हाला बघून लाजायची, परत जायची. परीक्षेला तिथला सगळ्यात जुना फोन निवडला. तो निघाला अण्णांच्या थोरल्या बहिणीचा, तिथंच बाग असलेल्या आक्कांचा. आक्कांना कानानं पार कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोन उचलत नाहीत, नुसता बघतात.

प्रज्ञाच्या नमुन्याचं चक्र फिरत राहिलं. तेवढ्यात शेजारची शेळी व्याली, करडू उभं राहून दूध प्यालं, तरी चक्र फिरतंच. मग अण्णांचं पान. आक्कांचं बोट काचेवरून उठायच्या आत डाळिंबाचा दर हजर! असा जल्लोष झाला की झाडावरची चार डाळिंबं जागच्या जागी फुटली. मी स्वतः खाल्ली. प्रज्ञानं कोपरापासून हात जोडले.

"पन आपल्या ऑफिसच्या हजेरी-हिशेबाच्या पसाऱ्याला तुजंच फ्रेमवर्क घिऊ," अण्णा तिला म्हणाले. "तितं लागतंय."

साइट सुरू करण्याआधी मी कोड तपासला. एक ओळ फालतू नाही. फक्त एका ठिकाणी अडलो. आक्कांनी लॉगिन केलं की दराच्याही वर अक्षरं येत होती: 'आक्का, जेवलीस का?' खाली उत्तराची चौकट. उत्तर थेट अण्णांच्या फोनवर.

"अण्णा, हे लागतंय कशाला?"

अण्णांनी मान वर केली नाही.

"लागतंय," म्हणाले.