तिसऱ्या मजल्यावर घोडी

चष्मेवाल्यांनी हिशेब अगदी चोख मांडला होता. जमेच्या बाजूला तीन गोष्टी होत्या: पन्नाशीच्या आत एक तरी वाद्य वाजवता येईल, संध्याकाळी बायकोच्या मालिकांपासून सुटका होईल, आणि दुकानात गिऱ्हाईक नसताना गुणगुणायला काहीतरी हक्काचं मिळेल. खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती: घरमालकीणबाईंना कळलं, तर घर जाईल. पण तीही त्यांनी खोडून टाकली होती, कारण त्यांनी घेतलेली गिटार कुणाला ऐकूच जाणार नव्हती.

गळ्यात अडकवून मिरवायची गिटार नव्हेच ही. ही मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत दांडा धरायचा आणि तो तारांवरून नुसता सरकवत न्यायचा. तारा दाबायच्या नाहीत, बोटं सोलून घ्यायची नाहीत. शिवाय हिला पोटच नाही. सरळसोट लाकडी फळी. स्पीकरला जोडली नाही, तर आवाज डासाएवढा. "शिकाऊ माणसाला याहून सभ्य वाद्य नाही," वाद्यांच्या दुकानदाराने सांगितलं होतं. "तुमचं चुकलेलं तुमच्यापाशीच राहतं."

चष्मेवाल्यांना हेच हवं होतं. मालकीणबाई तळमजल्यावर राहत, आणि त्यांच्या भाडेकरारात दोन कलमं ठळक अक्षरांत होती: प्राणी पाळायचा नाही आणि वाद्य वाजवायचं नाही. पूर्वी कुण्या भाडेकरूने कुत्रा आणि ट्रम्पेट अशी दोन्ही बाळगली होती, आणि ती एकमेकांना साथ करत, असं म्हणतात. घर मात्र सोडवत नाही असं होतं. दिवसभर पाणी, चष्म्याचं दुकान चालत जाण्याएवढं जवळ, आणि बायकोची शिवणाची सगळी गिऱ्हाइकं याच इमारतीत. करार दरवर्षी नवा व्हायचा. यंदाचा येत्या रविवारी होता.

आणि त्या रविवारकडे आणखी एकाचं लक्ष होतं. शेजारच्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहत. त्यांना सगळी इमारत पाठीमागे कर्णेसाहेब म्हणे, कारण त्यांच्या कानात एका बाजूने गेलेली गोष्ट तोंडातून दसपट मोठी होऊन बाहेर पडे. चष्मेवाल्यांचं घर आपल्या जावयासाठी मिळावं, म्हणजे लेक भिंतीपलीकडे राहील, असं त्यांनी मालकीणबाईंच्या कानावर दोनदा घातलं होतं. त्यामुळे चष्मेवाले चादरीत गुंडाळलेली लांबट वस्तू घेऊन जिना चढले, तेव्हा कर्णेसाहेब दारात उभे नसते तरच नवल.

"काय आणलंत हो?"

"इस्त्रीचं टेबल."

"इस्त्रीच्या टेबलाला जपून धरताय लहान मुलासारखं!"

"नवीन आहे, म्हणून," चष्मेवाले म्हणाले आणि दार लावून घेतलं.

इथपर्यंत हिशेब बरोबर होता. तो बिघडला चष्मेवाल्यांच्या हाताच्या गुणामुळे. माणूस दिवसभर चष्मे नाकावर नीट बसवणारा. कुठलीही वस्तू वर उचललेली दिसली की त्यांचा हात शिवशिवे. गिटारीच्या तारा फळीपासून इतक्या उंच, की खालून पेन्सिल आरपार जाईल. "हे असं कसं दिलं?" ते म्हणाले. मोबाइलवर शोधलं, तर एका शहाण्याने सांगितलंच होतं की तारा जितक्या खाली, तितकं वाजवायला सोपं. तो शहाणा गळ्यातल्या गिटारीविषयी बोलत होता, ही गोष्ट चष्मेवाल्यांच्या लक्षात आली नाही. खुंट्यांजवळच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात, तिच्या खाचा त्यांनी चष्म्याच्या बारीक कानशीने घासल्या. चांगल्या घासल्या. तारा फळीला अगदी बिलगल्या.

मग त्यांनी गिटार मांडीवर घेतली, दांडा ठेवला आणि सरकवला. खड्, खड्, खर्रर्र. दांडा तारांसकट लाकडावर आपटत होता. सूर नावालाही नाही.

"हे वाद्य आहे का खडी फोडायचं मशीन?" आतून बायको म्हणाली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी दुकानदाराला फोन लावला. मोबाइलला रेंज फक्त गॅलरीत मिळे, म्हणून ते गॅलरीत गेले. पलीकडच्या गॅलरीत कर्णेसाहेब झारीने कुंड्यांना पाणी घालत होते. आता, तारा ज्या पट्ट्यांवर टेकतात त्यांना वाद्यवाले घोडी म्हणतात. खुंट्यांकडची वरची घोडी, दुसऱ्या टोकाची खालची घोडी. दुकानदाराने हे गिटार देतानाच सांगितलं होतं, आणि नवा शब्द हाती आला की तो वापरायची हौस चष्मेवाल्यांना होतीच.

"हॅलो, मी. हो, परवाच घरी आणली ना... मांडीवरच घेतो हो, आडवी! पण घोडी बसली... वरची. खालची घोडी ठणठणीत आहे... मीच घासली, कानशीने... चूक झाली, कबूल. आता दांडा लावला की खडखडते बिचारी... छे छे, दुसरी घोडी आणायला वेळ नाही, हीच उंच करतो... मालकीणबाई? त्यांना काय कळतंय! आवाजच करत नाही ना."

पलीकडे झारीचं पाणी पडायचं थांबलं होतं.

दुकानदाराचं म्हणणं साधं होतं. या गिटारीच्या तारा उंचच हव्यात, त्याशिवाय दांडा सरकणार कशावर? घोडी बोटाच्या पेराएवढी वर उचला, कुठलाही सुतार करून देईल. चष्मेवाल्यांना दुकान उघडायची घाई होती. ते बायकोला म्हणाले, "सुताराला बोलव आज. म्हणावं, घोडी बोटभर उंच करून हवीय. आणि जरा हळू बोल त्याच्याशी."

बायकोला गिटारीच्या अवयवांची नावं कुणी सांगितली नव्हती. तिच्या लेखी घरात घोडी एकच: माळ्यावरचं सामान काढायला वापरायची, चार पायांची, लाकडी. तिच्यावर चढूनही माळ्यापर्यंत हात पोचत नाही, अशी तिची लग्नापासूनची तक्रार. नवऱ्याने आपणहून ऐकलं म्हणून तिला भरून आलं. "बोटभरानं काय होतंय?" ती सुताराला म्हणाली. "चांगली वीतभर करा."

जिन्यात कर्णेसाहेबांनी सुताराला गाठलंच.

"इकडे कुणीकडे?"

"चष्मेवाल्यांकडे. घोडीचं काम आहे."

"म्हणजे आहे! घोडी आहे घरात?"

"आहे तर. पाय वाढवायचेत चारी. जरा लंगडतेय, तेही बघतो."

कर्णेसाहेबांनी कठड्याला धरलं. "आणि दुसरी?"

"दुसरीचं काही बोलल्या नाहीत बाई," सुतार म्हणाला आणि करवत सावरत वर गेला.

संध्याकाळी चष्मेवाले घरी आले, तर दिवाणखान्याच्या मधोमध घोडी उभी. तिला चार नवे पांढरे पाय फुटले होते, आणि तिच्या पहिल्या पायरीवर पाय टाकायलाच खुर्ची लागली असती.

"हे काय?"

"तुम्हीच सांगितलंत ना, उंच करा म्हणून? बघा, आता माळा हाताला लागतो."

"अगं, ती घोडी! गिटारीची घोडी!"

"गिटारीत कुठली घोडी?"

त्यांनी दाखवली. बायकोने ती बोटभर पट्टी पाहिली, मग खोलीतली ताडमाड घोडी पाहिली आणि मटकन बसली. "एवढ्याशा तुकड्याला घोडी म्हणतात? आणि तुम्ही पण, मेलं, नीट सांगाल तर शपथ! सुतार काय म्हणत असेल?"

"सुतार काही म्हणत नाही. त्याचं काम झालं," चष्मेवाले म्हणाले.

पण हार मानणारे ते नव्हते. शनिवारी दुकानात एका जुन्या चष्म्याची जाड, तपकिरी काडी त्यांच्या हाताला लागली. तिचा तुकडा त्यांनी कापला, खालून सपाट केला, वरून तारांपुरत्या खाचा पाडल्या. पण या वेळी नखाएवढ्याच, दोनदोनदा मोजून. घरी आल्यावर तारा सैल केल्या, तुकडा जागेवर बसवला, तारा पुन्हा ताणल्या. मग श्वास रोखून दांडा ठेवला आणि सरकवला.

खडखड नाही. एक लांब, लवचीक सूर खालून वर चढत गेला, जसा माणूस बऱ्याच दिवसांनी आळस देतो. डासाएवढाच होता, पण सूर होता. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. बायकोनेही टीव्हीचा आवाज कमी केला. लग्नानंतर तिने हे पहिल्यांदाच केलं.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. दारात मालकीणबाई, गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत. काखेत कराराचे कागद. मागे कर्णेसाहेब, दोन पायऱ्या खाली उभे, पण मान पुढे.

मालकीणबाई एरवी सही घ्यायला चष्मेवाल्यांनाच खाली बोलावत. त्या वर आल्या म्हणजे घर गेलं, हे चष्मेवाल्यांनी ओळखलं. गिटार कोचावर चादरीखाली होती. ते चादरीवरच बसले.

मालकीणबाईंनी आधी हवेचा वास घेतला. "वास तर येत नाही," त्या पुटपुटल्या. मग चष्मेवाल्यांच्या बायकोकडे वळल्या. "बाई, मी तुला सुनेसारखं मानते. खरं सांग. घरात घोडी आहे?"

"आहे की, काकू."

मालकीणबाईंनी दाराची चौकट धरली. "कधीपासून?"

"आम्ही राहायला आलो तेव्हापासून. माहेरनं दिलेली."

"इतकी वर्षं! माझ्या डोक्यावर!"

"अहो, असं काय करता? गेल्या वर्षी पंखा बघायला तुम्हीच नव्हता का चढलात तिच्यावर?"

"मी? घोडीवर?"

"दोन पायऱ्याच चढलात. मी धरलं होतं तुम्हाला."

मालकीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. बायको आत गेली आणि ओढत, ढकलत, जमिनीवर ओरखडे काढत घोडी बाहेर घेऊन आली. "ही काय. परवाच पाय वाढवून घेतले."

मालकीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वळवून जिन्याकडे पाहिलं. "का हो? ही घोडी?"

"ही नव्हे!" कर्णेसाहेब वर आले. "ही फसवाफसवी आहे. दोन आहेत. एक वरची, एक खालची. हे कानशीने घासतात तिला. मांडीवर आडवी घेतात! मी माझ्या कानांनी ऐकलंय. विचारा त्यांना!"

मालकीणबाई चष्मेवाल्यांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही बोला. आणि असे अवघडून का बसलाय? त्या चादरीखाली काय आहे?"

गप्प राहावं, तर घोडी सिद्ध होते. बोलावं, तर वाद्य सिद्ध होतं. दोन्ही कलमांपैकी कुठल्या कलमाखाली घर सोडावं, एवढाच प्रश्न उरला होता. घोडीच्या कलंकापेक्षा गिटारीचा बरा, असं ठरवून चष्मेवाले उठले आणि त्यांनी चादर काढली.

"गिटार आहे. शिकतोय. या पट्टीला घोडी म्हणतात, बाई. ही वरची, ही खालची. चुकलं माझं. कराराविरुद्ध आहे, माहितीये मला."

मालकीणबाईंनी वाकून ती पट्टी पाहिली, बोट लावलं, दुसरी पाहिली. मग त्या कोचावर बसल्या आणि हसायला लागल्या, अशा की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"हात्तिच्या! गिटार होय! अहो, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. ही जिन्यावरून खाली कशी उतरवायची, म्युनिसिपालटीत कुणाला सांगायचं, गवत कुठून वर नेत असतील..." त्यांना पुढे बोलवेना. "पाणी दे ग जरा."

"पण वाद्य चालत नाही!" कर्णेसाहेब म्हणाले. "कलम आहे!"

"कलम मी लिहिलंय, मीच बघते," मालकीणबाई म्हणाल्या. "माझे गुडघे तीन मजले चढवलेत तुम्ही एका लाकडाच्या चिपेसाठी. गप्प बसा. वाजवा हो तुम्ही."

चष्मेवाल्यांनी गिटार मांडीवर घेतली. हात थरथरत होता, त्यामुळे सूरही थरथरला, आणि ते फारच छान वाटलं.

"एवढाच आवाज?" मालकीणबाई म्हणाल्या. "मला तर काहीच ऐकू येत नाही. स्पीकर लावता येतो ना? मग लावा की. संध्याकाळी तासभर वाजवा खुशाल. फक्त या खोलीत नको, ही बरोबर माझ्या झोपायच्या खोलीवर येते. आतल्या खोलीत, त्या पलीकडच्या भिंतीला पाठ लावून बसा."

पलीकडची भिंत कर्णेसाहेबांची होती. पण तोपर्यंत मालकीणबाई सही करून मोकळ्या झाल्या होत्या.

चष्मेवाल्यांकडे स्पीकर नव्हता, आणि घ्यायची त्यांना घाईही नव्हती. पण त्याच आठवड्यात दुकानात एक तरुण आला. चष्मा सैल झालाय म्हणाला. चष्मा मुळीच सैल नव्हता. चष्मेवाल्यांनी तसं सांगितलं, तेव्हा त्याने दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मी तुमच्या शेजाऱ्यांचा जावई."

चष्मेवाल्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. "घराचं म्हणत असाल, तर करार झालाय आमचा."

"तेच सांगायला आलो. आभारी आहे तुमचा." तरुणाने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "वर्षभर नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं माझं. सासऱ्यांच्या भिंतीला लागून राहायचं म्हणजे... तुम्ही तर राहताच, तुम्हाला काय सांगायचं! आता कालच ते स्वतः म्हणाले, त्या बाजूला घर नको, गिटार वाजणार आहे. आम्ही नदीपलीकडे बघितलंय घर. एकच विनंती आहे. मध्येच सोडून देऊ नका. शिकत राहा."

"शिकायचं खरं. पण सावकाश जमतंय."

"सावकाशच शिका," जावई कळवळून म्हणाला आणि पायाशी ठेवलेली पिशवी त्याने काउंटरवर ठेवली. "कॉलेजातला आहे माझा. चांगला खणखणीत आहे."

त्या दिवसापासून संध्याकाळी चष्मेवाले भिंतीला पाठ लावून बसतात. सहा महिन्यांत एक धून अर्धी बसली आहे, आणि ती जिथे अडते तिथे रोजच अडते. माळ्यावरचं सामान बायकोने दोनदा आवरलं. मालकीणबाई शांत झोपतात. एकंदरीत पाहता या व्यवहारात सगळ्यांचंच भलं झालं. स्पीकर जावयाने दिला, आणि त्याची किंमत सासरे हप्त्याने फेडताहेत.