रामटेकेकाकांचा ट्यूबलाइटखालचा सांबार

रामटेकेकाका कुणाच्याही घरात शिरले की माणसांकडे बघायचेच नाहीत. आधी बल्बकडे बघायचे. चष्मा कपाळावर, एक डोळा बारीक, मान वर, आणि मग निकाल, "एकशे साठ." म्हणजे व्होल्टेज. माझ्या नणंदेला पाहायला कामठीची मंडळी आली होती. मुलगा, त्याचे आईवडील, मामा, सगळे ओळीने बसलेले, नणंद पोह्यांच्या बशा घेऊन उभी, आणि हा माणूस न विचारता आत आला, बरोब्बर मधोमध उभा राहिला आणि छताकडे बघून म्हणाला, "एकशे पंचावन्न. काही खरं नाही!" मुलाच्या मामांनी मला हळूच विचारलं, हे कोण? काय सांगणार, कपाळ?

काका आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. मिलमध्ये वायरमन होते. रिटायर झाले, पण टेस्ट लॅम्प काही सुटला नाही. होल्डरमध्ये एक बल्ब आणि त्याला दोन लोंबत्या वायरी, एवढंच ते हत्यार. भाजीच्या पिशवीत ते घेऊन गल्लीभर फिरायचे. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, सकाळची धांदल, पोळ्या, डबे, आणि त्यात यांचं आपलं "बाई, जरा तुमचा प्लग पाहू द्या न जी." डोक्याला नुसता ताप!

मी सांगते ती ऐंशीच्या आगेमागेची गोष्ट. त्या उन्हाळ्यात काकांनी घरात सांबार पेरला. सांबार म्हणजे कोथिंबीर, आम्ही नागपूरकर तिला हेच म्हणतो. संत्र्याच्या चार लाकडी पेट्यांत माती घातली आणि वर एका मोडक्या खाटेची चौकट टांगून तिला सहा ट्यूबलाइट लावल्या. बाहेरच्या उन्हात कोवळं रोप तासभर टिकलं नसतं, म्हणून हा मळा आतल्या खोलीत, कूलरसमोर. ऊन नाही, तर ट्यूबच्या उजेडावर वाढेल, असा हिशेब.

पण उजेड कुठे धड होता? ट्यूबा लुकलुकायच्या, विझायच्या, मग एकदम भगभगीत पेटायच्या आणि चोक गरम होऊन जळायचा. काका सीताबर्डीला जाऊन नवा चोक आणायचे, तोही जळायचा. पहिला पेरा पिवळा पडून लांबुळका झाला आणि मरून गेला. दुसऱ्याचंही तेच. काकांनी तिसरा पेरला.

माझा जीव जळायचा तो वेगळ्याच कारणाने. ती आतली खोली भागरताकाकूंची. दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ती बाई खाटेवर पडून, आणि नवरा तिच्या डोळ्यांवर सहा-सहा ट्यूबा पेटवून कोथिंबिरीचे लाड करतो! घरात कुणाला येऊही देत नव्हते. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, म्हातारा बिघडला. मी तर त्याच्याही पुढचं म्हणायची.

शेवटी एका सकाळी भडका उडाला. शाळेत तपासणी होती, मी माझी एकुलती एक चांगली साडी इस्त्री करत होते. भिंतीपलीकडून काका ओरडले, "बाई, इस्त्री बंद करा!" केली. "लावा!" लावली. "बंद! पुन्हा लावा!" असं पाच वेळा. मी बटणापाशी, इस्त्री साडीवर. काका धावत आले, चेहऱ्यावर दिवाळी. "बाई, तुमची इस्त्री लागली की माझ्या ट्यूबा चमकून राहिल्या! कमी व्हाले पाहिजे, तं वाढून राहिल्या! सापडलं!"

मलाही सापडलं होतं. पदरावर इस्त्रीचा चांगला तळहाताएवढा डाग.

मग मी काय बोलले विचारू नका. शाळेतल्या पोरांना बोलत नाही इतकं बोलले. "लाज नाही वाटत? घरात बायको मुकी पडलीय आणि तुम्हाला कोथिंबिरीचं पडलंय! एवढं तिच्याकडे बघितलं असतं तर उठून बसली असती ती!"

काका उंबऱ्यावर बसले. पिशवी मांडीवर घेतली.

"तिच्यासाठीच तं लावून राहिलो न जी," म्हणाले. "हिवाळ्यात सांबाराची जुडी आणली होती चटणीसाठी. तिच्या उशाशी राहिली. तिनं डाव्या हातानं सोडली, निवडली, दाताखाली सुतळी धरून पुन्हा बांधली, आन् म्हणाली, 'सांबार घ्या जी, सांबार.' इतक्या दिवसांत तोंडातून शब्द नाही, आन् हे! मंग मी रोज जुडी आणत गेलो. रोज तेवढंच बोले. मी कोण हावो ते नाही समजत तिले. पण गिऱ्हाइकाशी बोलते. तं मी गिऱ्हाईक झालो."

भागरताकाकूंनी सारा जन्म बुधवार बाजारात भाजी विकली होती. मी स्वतः त्यांच्याकडून घेतलेली. आणि माझ्या डोक्यात हे येऊ नये!

"मग बाजारातून आणा की आताही," मी म्हटलं, आवाज अजून चढलेलाच.

"उन्हाळ्यात सांबार घरी येईस्तोवर मान टाकते, बाई. हातात देला की फेकून देते. बासी माल नाही विकत ती." ते पिशवीचे बंद बोटाला गुंडाळू लागले. "दोन महिने झाले. एक शब्द नाही. हा पेरा गेला तं मले नाही वाटत ती पुन्हा बोलन म्हणून."

मी डाग पडलेली साडी तशीच नेसले आणि शाळेत गेले. दुपारी परत आले ती सरळ काकांना घेऊन वीज कार्यालयात. काकांनी तिथल्या कारकुनाला सांबारापासून सगळं नीट समजावलं. तीन तारांनी वीज येते, पण परत जायची तार सगळ्यांची एकच, न्यूट्रल. तिचा जोड खांबावर ढिला झाला की एका घरी लोड लावला, तर दुसऱ्या घरी व्होल्टेज एकदम चढतं. कारकून सगळं ऐकून म्हणाला, "काका, सांबारासाठी तक्रार?" आणि शेजारच्याकडे पाहून हसला. मी टेबलावर अशी थाप मारली की त्याचा चहा सांडला. "लिहा," म्हटलं. "पूर्ण वाक्यात लिहा." त्याने लिहिली.

तिसऱ्या दिवशी लाइनमन आला. खांब नेमका आमच्या दारासमोर. मी कंबरेवर हात ठेवून खाली उभी, आता कुणाचा हलगर्जीपणा निघतो ते पाहायला. तो वर चढला आणि तिथूनच ओरडला, "न्यूट्रलचा जोड कोणी तरी सोडलेला हाये! वरून मांडवाची वायर गुंडाळली हाये! कोणाचं लग्न होतं इथं?"

अख्ख्या गल्लीने आमच्या दाराकडे पाहिलं.

नणंदेचं लग्न. फेब्रुवारीत. मांडववाल्याने रोषणाईसाठी खांबावर आकडा टाकला होता, आमच्या ह्यांनी शिडी धरली होती आणि त्या मांडववाल्याला मी माझ्या हाताने चहा दिला होता. सगळे टाकतात हो आकडा लग्नात! पण सगळ्यांच्या शेजारी काकू नसतात.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "जोड पक्का कर बाबू," एवढंच लाइनमनला म्हणाले. मला एक शब्द नाही! मी म्हणते, माणसाने अशा वेळी भांडावं की नाही? मी एका साडीपायी त्यांची सालटी काढली होती. त्यांनी मला निदान चार शब्द ऐकवायचे होते. मला रात्रभर स्वतःचाच राग येत राहिला.

त्यानंतर ट्यूबा शांत जळू लागल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात काकांनी भिंतीवर टकटक केली. "बाई, या."

खोली सांबाराच्या वासाने भरली होती. संत्र्याच्या पेट्या हिरव्यागार. काकांनी मुळासकट थोडा उपटला, माती झटकली आणि खाटेवर उशीला टेकवून बसवलेल्या काकूंपुढे सुतळीसह ठेवला. काकू किती तरी वेळ नुसत्या पाहत बसल्या. काका भिंतीला टेकून उभे. मग डावा हात पुढे आला. एक पिवळं पान काढून टाकलं. काड्या सारख्या केल्या, सुतळीचं टोक दातात धरलं, गाठ मारली. एक जुडी, दुसरी जुडी.

"सांबार घ्या जी," काकू बोलल्या. जड, फाटका आवाज. "सांबार."

काका गिऱ्हाइकासारखे पुढे झाले. पण घाईघाईत घ्यायला गेले एक जुडी आणि सगळ्याच विस्कटल्या. काकूंनी फाडकन त्यांच्या हातावर चापट मारली.

"चिवडू नको गा!"

काका हात तसाच धरून उभे राहिले. "हे नवीन हाये," ते माझ्याकडे वळून म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "बाई, ऐकलं न तुम्ही? हे आजवर नव्हती म्हणाली."

मग ते पुन्हा खाटेपाशी वाकले आणि मुद्दाम दोन्ही हातांनी सांबार चिवडू लागले.