मेलेली जागा

दत्ताकाका आमच्या घरी आले की खुर्चीवर बसत नाहीत. थेट स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर मांडी घालतात आणि ओट्याखालच्या कपाटांवर बोटाने टकटक करत सुटतात. आवाज पोकळ आला की माझ्याकडे असं बघतात, जणू मीच काही लपवलंय. मग म्हणतात, "बघ, हय जागा मेली."

चिंचपोकळीची आमची चाळ पाडून हा टॉवर झाला. बिल्डरने सगळ्यांना सारखीच कपाटं बसवून दिली आणि प्रत्येक कपाटाच्या तळाशी चार इंचांची पट्टी ठोकली. त्या पट्टीमागे काहीच नसतं, हे काकांना सहन होत नाही. मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझी पट्टी करवतीने कापली आणि आत एक चपटा खण बसवला. त्यात पोळपाट-लाटणं मावतं. आता पोळ्या करायच्या म्हणजे आधी उकिडवं बसायचं, आणि माझे गुडघे काही विशीतले नाहीत. उरलेल्या फटीत झुरळांनी संसार थाटलाय. तक्रार केली तर म्हणाले, "त्यांका तरी जागा गावली."

त्यांच्या स्वतःच्या घरात तर सिंकखाली, कोपऱ्यात, शेगडीच्या बाजूला, जिथे हात शिरेल तिथे खण. एकदा काकूंनी गाळणी काढायला सांगितली म्हणून मी ओळीने उघडत गेले. सगळे रिकामे. दोन माणसांचं सामान असतं किती, असं काकू म्हणाल्या. मला हसू यायला हवं होतं. आला तो राग.

कारण मला चाळीतली त्यांची खोली आठवली. धाकटा भाऊ विजू, त्याची बायको आणि महिन्याभराची मुलगी. इथे जागा नाही, असं सांगून काकांनी तिघांना भर पावसाळ्यात अंबरनाथला धाडलं. त्यांच्या-आमच्या खोलीमधली भिंत फळ्यांची होती. आम्ही शब्द न् शब्द ऐकला आणि गुपचूप जेवायला बसलो. त्यानंतर विजू भावाच्या घरी कधी आला नाही.

परवा आला, त्याच मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. काकांनी मलाही बोलावून घेतलं, एकट्याने समोर जायचा धीर नसावा. भावाने एक रात्र तरी आपल्याकडे राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण ते तोंडातून निघेना, म्हणून खाली बसून एकेक खण ओढून दाखवत राहिले. काम छान झालंय, असं म्हणून विजू उठला.

"आज रव रे हयच," काका शेवटी म्हणाले.

"नको दादा. तुमका उगाच अडचण."

काका उघड्या खणाकडेच बघत होते. "अडचण तेवापण नव्हती रे, विजू."

"माका माहीत आसा," विजू म्हणाला, आणि चपला घालून लिफ्टकडे गेला.